विकायला काढलेल्या घरातले रविवार

लहानपणीचं घर कुठलं असं कुणी विचारलं, की मी डोंबिवलीच्या चाळीतल्या दोन खोल्या सांगते. ते खरंही आहे. पण डोळे मिटले की समोर येतं ते ठाण्याचं घर. तिथे आम्ही राहिलो एका दिवाळीपासून पुढच्या जेठापर्यंत, आणि तेही ते घर विकलं जाईपर्यंतच्या बोलीवर.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून होते. कचेरीच्या अशिलांत एक वृद्ध पारशी बाई होत्या. टेंभी नाक्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला, त्यांचा बंगला होता. व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत रेल्वेच्या कुणा इंग्रज इंजिनियरने तो बायकोमुलांसाठी बांधला होता. तो विलायतेला परतला तेव्हा बाईंच्या सासऱ्यांनी घेतला. बाईंना मूलबाळ नव्हतं, त्या मुंबईलाच असत. विकायचा म्हणून त्यांनी तो सगळा दुरुस्त करून घेतला. नवी कौलं, नवा रंग, विजेचे दिवे. तरी गिऱ्हाईक यायचं, हिंडून बघायचं आणि निघून जायचं. शेवटी बाईंनीच निदान केलं. कचेरीत अण्णांना म्हणाल्या, "घर रिकामा हाय नी, म्हणून लोकला भीती वाटते. तुमी फॅमिली घेऊन तिथे राव्हा. घरात चूल पेटली पायजे, झाडाला पाणी पायजे. विकला, के तुमी मोकळा."

भाडं नव्हतं. अटी दोनच. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, आणि रविवारी दलाल कुणाला घेऊन आला की घर नीट दाखवायचं.

आई आधी नाहीच म्हणाली. "लोकाच्या घरात जीव रमला म्हणजे? उठताना जड जातं." पण मग तिने दाराशी बसलेल्या आत्याकडे पाहिलं आणि ट्रंक खाली काढली.

आत्या अण्णांची धाकटी बहीण. तिशीला आलेली, लग्न न झालेली. दोन वर्षांपूर्वी तिला छातीचं दुखणं झालं होतं. औषधपाणी झालं, डॉक्टरांनी बरी आहे म्हणून सांगितलं, पण चाळीने ते मानलं नव्हतं. ती विहिरीवर गेली की बायका घागरी बाजूला सरकवत. तिची कपबशी आईने कधी वेगळी ठेवली नाही, तर आत्याच ती वेगळी ठेवायची. घरात असूनही ती उंबऱ्यावर बसल्यासारखी असायची. डॉक्टर म्हणाले होते, हिला मोकळी हवा द्या. चाळीत ती कुठून आणणार? म्हणून आई निघाली.

आम्ही तिन्हीसांजेला पोहोचलो. फाटकापासून घरापर्यंत वाट बुचाच्या फुलांनी पांढरी झाली होती. उंच झाडांवरून ती लांब देठाची फुलं संथपणे, गोल गोल फिरत खाली येत होती, आणि त्यांचा वास इतका दाट होता की टांग्याचं घोडंसुद्धा हळू चालायला लागलं असं मला वाटलं. पुढे घर. उतरत्या छपराच्या कडेला लाकडी नक्षीची झालर, बिडाच्या बारीक खांबांचा व्हरांडा, दारांवर लाल-निळ्या काचांच्या अर्धगोल कमानी. अण्णांनी आत जाऊन दिवे लावले आणि त्या काचा आतून पेटल्या. आई डोक्यावरचं बोचकं न उतरवता नुसती बघत उभी राहिली.

आत गेल्यावर मोठा पेच पडला तो देवांचा. खिळा ठोकायचा नाही, मग देव कुठे मांडायचे? दिवाणखान्यात भिंतीत एक संगमरवरी कोनाडा होता, वर धुराडं गेलेलं. विलायतेची थंडी आठवून साहेबाने ठाण्याच्या उकाड्यात शेकोटीची जागा बांधून घेतली होती! ती कधी पेटली असेल असं वाटत नव्हतं. आईने ती पुसली, पाट ठेवला आणि देव मांडले. सकाळी उदबत्तीचा धूर धुराड्यातून सरळ वर जाई. आई म्हणायची, "एवढी सोय आपल्या देवांची कुणी केली नव्हती."

न्हाणीघरात पांढरा पोर्सेलीनचा टब होता. त्यात गोधड्या धुतल्या जात. मागच्या बाजूचा काचांचा व्हरांडा आत्याला दिला. सकाळचं ऊन तिथल्या रंगीत काचांतून तिच्या पांढऱ्या पांघरुणावर पडे. कधी ती हिरवी दिसायची, कधी जांभळी. मी तिच्या पायाशी बसून माझे हात त्या रंगांत बुडवायची. हात ओला होईल असंच वाटायचं.

माडीवरच्या खिडकीतून मिठागरं दिसत. हिवाळा सरत आला तेव्हा तिथे मिठाच्या राशी उभ्या राहिल्या आणि दुपारी त्या इतक्या लखलखत, की डोळे किलकिले करून पाहावं लागे. खाडीवरचा वारा यायचा, लांबून मालगाडी गेल्याचा आवाज यायचा, पोपटांचे थवे जांभळावर उतरायचे. दुपारी सगळे निजले की मी एकेका खोलीत जाऊन नुसती उभी राहायची. एवढ्या खोल्या आणि त्यांत ठेवायला आमच्याजवळ काहीच नव्हतं. माझ्या पावलांचा आवाज माझ्यामागून यायचा. तेव्हा मला पुष्कळदा वाटे, आपण हे घर बघत नाही, घर आपल्याला स्वप्नात बघतंय, आणि त्याला जाग आली की आपण नसणार.

बागेची मशागत करायला सकाळी जवळच्या आगरी पाड्यातला एक म्हातारा माळी येई. पहिल्या आठवड्यात आत्या त्याचं काम नुसतं खुर्चीतून बघायची. मग एकदा ती उठून तगरीला पाणी घालताना दिसली. आई लगबगीने म्हणाली, "वन्सं, झारी जड आहे, ठेवा ती."

"नाही जड, वहिनी," आत्या म्हणाली.

त्यानंतर ती बागेतलीच झाली. नेच्यांच्या कुंड्या, अनंत, मधुमालतीचा मांडव, विहिरीवरची जाई. हाताला माती, केसांत काटक्या. थंडी संपेपर्यंत तिच्या गालांवर रंग आला. एक दिवस तिची कपबशी आमच्या कपबशांत मिसळलेली मला दिसली. ती तिनेच मिसळली होती की आईने, कोण जाणे.

गंमत अशी, की बाग जसजशी खुलत गेली तसतशी गिऱ्हाइकं वाढली. रविवारी सकाळी दलाल फाटकाची कडी वाजवी. आई वाळत घातलेले कपडे भराभर काढी, माझी वह्या-पुस्तकं पलंगाखाली जात, आणि आम्ही तिघी मागच्या विहिरीजवळ जाऊन बसत असू. घर दाखवायचं काम अण्णांचं. आतून आवाज येत. "ही भिंत पाडली तर?" "इथे गोडाऊन होईल." "बाग कशाला एवढी, चार बिऱ्हाडं बसतील." आपल्या अंगणात बसून आपण मेल्यानंतरचं बोलणं ऐकावं तसं वाटायचं. देव हलवायला मात्र आईने साफ नकार दिला होता. "पाहुणे आले म्हणून देवाला उठ म्हणायचं?"

माघातल्या एका रविवारी दलाल एका म्हाताऱ्या बाईंना आणि त्यांच्या मुलाला घेऊन आला. बाई ठेंगण्या, स्वच्छ पांढऱ्या लुगड्यातल्या. मुलगा पस्तिशीचा, उंच, खांद्यात थोडा वाकलेला, इस्त्री नसलेला पण धुतलेला सदरा. दलालाच्या तोंडून कळलं, ही मंडळी मूळची कोकणातली, पण दोन पिढ्या कराचीत गेलेली. फाळणीत सगळं तिथेच सोडून आले. मुलगा कल्याणच्या निर्वासितांच्या छावणीत शाळामास्तर आहे.

बाकीची गिऱ्हाइकं भिंती ठोकून पाहात. या आजी आत आल्या त्या सरळ दिवाणखान्यात गेल्या आणि शेकोटीतले देव बघून मोठ्याने हसल्या. "अगं बाई! हे कुणाचं डोकं?"

आई विहिरीवरून धावत आली. "माझं. काढते मी लगेच."

"काढतेस कशाला? छान बसलेत." मग त्यांनी आईच्या हाताला धरून तिलाच घरभर फिरवलं. जणू पाहुणी आईच होती. "इथे मी झोपाळा लावीन. या खिडकीत सुपारी कातरत बसायचं. आणि हा व्हरांडा सुनेला, हो की नाही रे?" मुलगा म्हणाला, "हो, आई." बागेत आल्यावर मात्र त्यांची चाल मंदावली. बकुळीच्या बुंध्याला हात लावून उभ्या राहिल्या. मग आत्याकडे बघत म्हणाल्या, "कराचीत एकेक रोप मी न्हाणीचं पाणी घालून जगवलं. पाऊस नाही, काही नाही. नुसती वाळू आणि उंटाच्या गाड्या. आणि इथे बघ, झाडं कशी माजल्यासारखी वाढतात."

जाताना त्यांनी आईला सांगितलं, "ठरलंच म्हणून समज."

त्या दुपारी मी माडीवर जाऊन रडले. आईने भांड्यांची पोती शोधून काढली. आत्या संध्याकाळपर्यंत पाणी घालत राहिली.

पण आठवडा गेला, कचेरीत काही निरोप नाही. पुढच्या रविवारी मायलेक पुन्हा हजर. या वेळी दलालाशिवाय. "आईला परत एकदा बघायचंय," मास्तर अण्णांना म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही आले. मला त्यांचा राग राग येई. घ्यायचंय तर घ्या, नाहीतर येऊ नका! एकदा मास्तर एकटेच व्हरांड्याच्या पायरीवर बसलेले पाहून मी माझ्या बुद्धीप्रमाणे कारस्थान केलं.

"या घरात साप निघतात," मी म्हटलं.

"असं?"

"आणि खाडीकडून कोल्हे ओरडतात. माडीवरची एक खिडकी लागतच नाही. टब गळतो. आणि विहिरीत एक कासव आहे, ते शंभर वर्षांचं आहे."

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग गंभीरपणे म्हणाले, "एवढ्या सगळ्या गोष्टी मला दलालाने सांगितल्याच नव्हत्या. साप राहू दे. कासव दाखवतेस?"

मला त्यांना विहिरीवर घेऊन जावंच लागलं. आत्या तिथे रहाटावर पाणी काढत होती. मास्तर कठड्यावरून वाकून कासव शोधू लागले. आत्याने दोर अडकवला, हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही हे घर घेणार नाही ना?"

ते सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "नाही."

"वाटलंच मला."

"आम्ही विठ्ठलवाडीच्या बाजूला बराकीत राहतो. लष्कराने सोडलेली बराक. एकाच छपराखाली पुष्कळ बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचे पडदे. आई तिथे आल्यापासून बोलायचीच बंद झाली होती. एक दिवस तिला सहज घेऊन गेलो होतो कल्याणात, तिथे एक घर विकाऊ होतं. ते बघताना ती बोलायला लागली. चूल कुठे, तुळस कुठे. मग मी दर रविवारी एखादं विकाऊ घर शोधून तिला दाखवायला नेऊ लागलो. तिला वाटतं आपण घेणार आहोत." त्यांनी मान खाली घातली. "या घरानंतर तिला दुसरं बघायचंच नाही. मी अण्णांची माफी मागतो आणि यायचं बंद करतो."

आत्याने दोर पुन्हा हातात घेतला. "पुढच्या रविवारी लवकर या," ती म्हणाली. "बकुळ आता फुलायला लागेल. सकाळी आलात तर आईंना फुलं वेचता येतील."

संध्याकाळी तिने हे सगळं आईला आणि अण्णांना सांगितलं. आई आधी उसळली. "म्हणजे महिनाभर मी पोती बांधतेय-सोडतेय ती उगीच?" मग तिलाच हसू आलं, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. अण्णा कायद्याच्या कचेरीतले, त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, "घर दाखवा, एवढंच आपल्याला सांगितलंय. घेणार की नाही ते विचारा, असं कुणी सांगितलेलं नाही."

मग चैत्र येईपर्यंतचे रविवार वेगळेच झाले. मायलेक सकाळच्या गाडीने येत. आजी आणि आत्या बकुळीखाली बसून फुलं वेचत, ओवत, आणि आजी कराचीच्या गोष्टी सांगत. संध्याकाळी समुद्रावरून येणारा वारा घरात घ्यायला छपरावर बांधलेल्या खिडक्या, गणपतीत सिंधी शेजाऱ्यांनी आणलेली मिठाई, गल्लीतून घंटा वाजवत जाणारे उंट. ऐकता ऐकता मला झोप येई, आणि अर्धवट झोपेत ते उंट आमच्याच फाटकातून आत येत. स्वयंपाकघरात आजींनी आईला पालक, डाळ आणि आंबटचुक्याची सिंधी भाजी शिकवली. मास्तर मला गणितं घालत. ती सोडवेपर्यंत त्यांचं लक्ष खिडकीबाहेर, बागेत. एकदा उत्तर चुकलेलं असून त्यांनी बरोबर म्हणून खूण केली, तेव्हा मी त्यांच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. बाहेर आत्या मांडवावरची मधुमालती सावरत होती. दोन्ही हात वर, अंगावर पानांच्या सावल्या. मी वही मिटली.

आणि मग तो व्यापारी आला. दलाल एका कापडाच्या व्यापाऱ्याला घेऊन आला, तेव्हा अण्णा बाजारात गेले होते आणि व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत आजी बसल्या होत्या. व्यापाऱ्याला वाटलं ह्याच मालकीणबाई. वाकून नमस्कार करून त्याने विचारलं, "माताजी, बंगला द्यायचा विचार पक्का ना?"

आजींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "झाडं काय करणार?"

"थोडी काढावी लागतील. चाळ उठवायची आहे."

"मग नाही विकायचा," आजी म्हणाल्या. "या आता. उन्हाचे आलात, पाणी पिऊन जा."

दलाल लालबुंद झाला. दुसऱ्या दिवशी कचेरीत तक्रार गेली. अण्णांना साहेबांनी समोर उभं करून चार शब्द सुनावले. अण्णांनी घरी त्याचा एक शब्दही सांगितला नाही, पण मास्तरांना कुठून तरी कळलं असावं, कारण त्यानंतरच्या रविवारी मायलेक आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बकुळ पडून राहिली. आजी यायच्या वेळेला आत्या फाटकाशी जाऊन उभी राही आणि काहीतरी काम असल्यासारखं दाखवून परत येई.

एका सकाळी ती आईला म्हणाली, "वहिनी, मी विठ्ठलवाडीला जाऊन येते."

आई बघतच राहिली. ठाण्याला आल्यापासून आत्या फाटकाबाहेर पडली नव्हती. लोक काय बघतील, कसे बघतील, याची धास्ती तिच्या मनातून गेली नव्हती. आईने एवढंच म्हटलं, "हिला बरोबर न्या."

म्हणून मी गेले. कल्याणपर्यंत गाडीने, पुढे टांग्याने. आत्याच्या मांडीवर ओल्या फडक्यात बकुळीची फुलं. उन्हात पसरलेल्या त्या लांबच लांब बराकी मला आठवतात. एकसारख्या, करड्या, मध्ये धुळीची पटांगणं. माणसं पापड वाळत घालत होती, दोऱ्यांवर रंगीत कपडे, कुठेतरी कुणी सिंधीत गात होतं. विचारत विचारत आम्ही पोहोचलो. आजी दाराशी डब्यांत लावलेल्या तुळशीला पाणी घालत होत्या. आम्हाला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. खाट ओढून म्हणाल्या, "बस. तो शाळेत गेलाय. बरं झालं."

आत्याने फुलं पुढे केली. "तुम्ही आला नाहीत म्हणून."

"त्याला लाज वाटते," आजी म्हणाल्या. "म्हणतो, आई, ते घर गेलं आपल्या हातचं, दुसऱ्याने घेतलं. खोटं बोलता येत नाही त्याला. लहानपणापासून नाही." त्यांनी फुलं ओंजळीत घेऊन हुंगली. "मुली, मी म्हातारी आहे, वेडी नाही. मास्तरच्या पगारात बंगला येत नाही हे मला कळत नाही होय?"

आत्या फुलांचं ओलं फडकं घडी घालता घालता थांबली.

"कराची सुटल्यापासून हा हसला नव्हता. बोटीत नाही, इथे नाही. कल्याणात ते पहिलं घर बघताना मी सहज म्हटलं, चूल इथे मांडू, तर हसला. मग काय करणार? बघत बसले घरं. माझे गुडघे दुखतात गं रविवारी." त्या हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "तुमच्या घरी मात्र मी माझ्यासाठी यायचे. आणि तो त्याच्यासाठी. ते तुला ठाऊक आहे."

आत्याची मान खाली गेली. मला वाटलं ती आता उठेल. ती उठली नाही. हळू पण स्पष्ट म्हणाली, "मला छातीचं दुखणं होतं. आता बरी आहे असं डॉक्टर म्हणतात. पण होतं."

"मला तुझ्या वहिनीने सांगितलंय. भाजी चिरताना." आजींनी तिच्या हातावर हात ठेवला. "तुला दुखणं होतं, आम्हाला घर नाही. फिटंफाट. या बराकीत राहशील का ते सांग."

गोणपाटाच्या पडद्यापलीकडे कुणाचं तरी बाळ रडत होतं. आत्याने त्या दिशेला पाहिलं, दाराशी तुळशीच्या डब्यांकडे पाहिलं. "इथे ऊन चांगलं येतं," ती म्हणाली. "मधुमालती लागेल."

परतताना कल्याण स्टेशनात गाडीची वाट बघताना तिने मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली आणि तिच्यातले दाणे माझ्या आधी तिनेच संपवले.

लग्न वैशाखात झालं, बंगल्याच्या बागेत. परवानगी मागायला अण्णा घाबरत घाबरत पारशी बाईंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, "लगन? करा नी! असा शुभ काम तर हा घरमंदी किती वरस झाला नाय." आणि स्वतः आल्याही, हातात गुलाबांची पेटी घेऊन, फिक्या गुलाबी साडीत. मांडव घालायची गरज पडली नाही. मधुमालतीखालीच अंतरपाट धरला. छावणीतली सिंधी मंडळी आली होती, डोंबिवलीच्या चाळीतल्याही काही बायका आल्या होत्या. त्यांतली एक आत्याच्या हातून पाणी मागून घेऊन प्यायली. आत्याने ते दिलं आणि ती लगेच दुसरा गडवा भरायला गेली. अक्षता पडताना वारा आला आणि शेजारच्या बकुळीची फुलं त्यांच्यात मिसळली. मास्तर हसत होते. आजी मुलाकडेच बघत होत्या, नव्या सुनेकडेही नाही.

पुढच्याच आठवड्यात एक डॉक्टर नवरा-बायको घर बघायला आले. त्यांना बाळंतिणींसाठी दवाखाना काढायचा होता. बाई प्रत्येक खोलीत जाऊन खिडक्या उघडून वारा कसा येतो ते पाहात होती. बागेत आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "झाडं सगळी ठेवायची. बायकांना दुखत असताना बघायला काहीतरी हवं." त्यांनी घेतलं. आईला ते लोक आवडले. निघायच्या दिवशी तिने सगळं घर पुसून काढलं, टबसुद्धा घासला. शेवटी शेकोटीतले देव उचलले आणि ती जागा ओल्या फडक्याने पुसून थोडा वेळ तिथेच बसून राहिली.

आत्याचा संसार चांगला झाला. बराकीच्या दाराशी तिने खरंच वेल चढवला, आणि छावणीतल्या बायका तिच्याकडून रोपं मागून नेऊ लागल्या. मास्तरांना पुढे कल्याणजवळच्या मोहन्याच्या बाजूला शाळा मिळाली, दोन खोल्यांची जागा मिळाली. आजींनी अखेरचे दिवस तिथे काढले, सुनेच्या हातची भाजी नावं ठेवत खाल्ली. आत्याला छातीचं दुखणं पुन्हा कधी झालं नाही. मी पुढे शिकले, नोकरी केली, लग्न करून दुसरीकडे गेले. ठाण्याच्या त्या रस्त्याने जायची वेळ क्वचित आली. एकदा फाटकाशी एक तरुण बाप हातात डबा घेऊन उभा दिसला, आत जायची वाट बघत. मी थांबले नाही.

पण आम्ही डोंबिवलीला परत आलो त्याची पहिली सकाळ मला अजून लख्ख आठवते. दोन खोल्या एकदम लहान झाल्या होत्या. भिंतीपलीकडचं बोलणं, स्टोव्हचा फरफराट, जिन्यावरची पावलं, सगळं पूर्वीइतकंच जवळ होतं, पण मला ते लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. आईबरोबर मी विहिरीवर गेले. बायका जमल्या. सगळ्यांनाच उत्सुकता.

"कसं होतं हो बंगल्यात?" एकीने विचारलं. "मज्जा ना?"

आईने घागर कठड्यावर ठेवली. काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांसमोरून काय काय गेलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

"मोठं होतं," ती म्हणाली. "केर काढता काढता जीव जायचा."

मग तिने पोहरा विहिरीत सोडला, आणि तो पाण्याला लागेपर्यंत खाली बघत राहिली.